वीस एक की वीसएक?

हा संवाद घडलेला नाही, रचलेला आहे. त्यातली आत्या जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेली, नोकरीचा बहुतेक काळ पहिली-दुसरीचे वर्ग सांभाळलेली. भाचा पुण्यात एका प्रकाशकाकडे मुद्रितं तपासतो. मराठीवर त्याचं प्रेम आहे आणि ते तो लपवत नाही. दोघांच्या तोंडची मतं मी वेगवेगळ्या माणसांकडून ऐकलेली आहेत. ती दोघांत सारखी वाटली गेलीत असा माझा दावा नाही, आणि मध्येमध्ये मीही तोंड घातलं आहे.

निमित्त तसं जुनं. २०१९ साली बालभारतीचं दुसरीचं गणिताचं नवं पुस्तक आलं. त्यात एकवीस ते नव्याण्णव या संख्या 'वीस एक', 'सत्तर तीन', 'नव्वद दोन' अशा वाचायची रीत होती. वर्तमानपत्रांपासून विधिमंडळापर्यंत गदारोळ झाला, टिंगलही भरपूर झाली. पुस्तकाच्या समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर स्वतः गणितज्ञ, 'गणितगप्पा'च्या लेखिका. जुनी नावं काढलेली नाहीत, मुलांना सोपं जावं म्हणून ही रीत आणली आहे, असं त्या सांगत राहिल्या. २०२३ मध्ये त्या गेल्या. वाद मात्र मिटला नाही, लोक फक्त कंटाळले.

भाचा : तुझं मत अजून तेच का? 'वीस एक'च्या बाजूने?

आत्या : तेच. तू कधी वर्गात उभं राहून "एकोणसत्तर लिहा" असं सांगून पाट्या बघितल्या आहेस? कितीतरी पाट्यांवर ७९ असतं. मुलाने 'सत्तर' ऐकलेलं असतं, आणि 'एकोण' म्हटलं की शेवटी नऊ येतो एवढं त्याला पाठ असतं. सत्तर आणि नऊ, एकोणऐंशी. त्याचा विचार सरळ आहे रे, शब्द वाकडा आहे.

भाचा : वाकडा कसला? 'एकोण' म्हणजे एक उणा. सत्तराला एक कमी. शब्दाच्या पोटातच वजाबाकी आहे. गणिताच्या शिक्षिकेला याहून चांगला शब्द कुठे मिळणार?

आत्या : दुसरीतलं मूल सात वर्षांचं असतं. त्याला आधी मोजता यायला हवं, वजाबाकी नंतर. आणि नियम असता तरी मी ऐकलं असतं. एकोणीसपासून एकोणनव्वदपर्यंत 'एकोण' चालतं, म्हणजे पुढे 'एकोणशंभर' हवा. येतो नव्याण्णव. दोनाचं बघ : बावीस, बत्तीस, बेचाळीस, बावन्न, बासष्ट, बाहत्तर, ब्याऐंशी, ब्याण्णव. दोन कुठे 'बा', कुठे 'ब', कुठे 'बे', कुठे 'ब्या'. पन्नासाचं त्याहून वाईट. एक्कावन्न, बावन्न म्हणून सवय होते तोच त्रेपन्न, चोपन्न. मग परत पंचावन्न, मग छप्पन्न, मग पुन्हा सत्तावन्न. यात नियम असेल तर मला सांग.

भाचा : प्राकृतातून झिजत आलेले शब्द आहेत. नदीतल्या गोट्यांना कोणी फुटपट्टी लावत नाही.

आत्या : सुंदर. हे वाक्य दुसरीच्या वर्गात म्हणून बघ. इंग्रजीत शंभरपर्यंत मोजायला अठ्ठावीस शब्द पुरतात. वीसपर्यंतचे वीस, मग तीस, चाळीस असे शंभरपर्यंतचे आठ. बाकी सगळी जोडाजोड. आपल्याकडे शंभरच्या शंभर पाठ करावे लागतात. 'वीस एक'च्या रीतीने आपलेही अठ्ठावीसच होतात. बाकी कशाशी माझं देणंघेणं नाही.

भाचा : आजोबांना पावकी, निमकी, औटकीसुद्धा पाठ होती. साडेतीनचा पाढा म्हणायचे ते. त्यांना कोणी सोपं करून दिलं नव्हतं.

आत्या : आणि त्यांच्या वर्गातली किती मुलं चौथीच्या पुढे गेली, हे त्यांना विचारलं होतंस का कधी? जे शिकले त्यांच्याच आठवणी आपण ऐकतो. जे पाठांतराला घाबरून गुरं राखायला गेले, ते कोणाला सांगणार?

(हा मुद्दा मला अनेक दिवस पुरला. जुनी शिक्षणपद्धत किती चांगली होती हे सांगणारे सगळे त्या पद्धतीत पास झालेले असतात.)

आत्या : शिवाय क्रमाचं बघ. 'पंचवीस' म्हणताना पाच आधी, लिहिताना दोन आधी. काही मुलं ऐकल्याबरोबर पाच लिहितात आणि मग दोन कुठे लिहू म्हणून आपल्याकडे बघतात. हे एकट्या मराठीचं नाही, जर्मनमध्येही 'पाच आणि वीस'च म्हणतात. तिथे लोथार गेरिट्झन नावाच्या गणितज्ञाने २००४ मध्ये एक संस्था काढली, संख्या लिहितो त्या क्रमाने बोलायची मुभा असावी म्हणून. संस्थेचं नाव 'त्स्वान्त्सिग-आइन्स'. म्हणजे काय, ओळख.

भाचा : वीस-एक?

आत्या : वीस-एक.

भाचा : आणि जर्मन लोक ऐकले?

आत्या : नाही ऐकले. पण नॉर्वे ऐकला. तिथल्या संसदेच्या निर्णयाने १९५१ पासून दशक आधी बोलायचं ठरलं. आणि मागणी शिक्षकांची नव्हतीच, तार-टेलिफोन खात्याची होती. सांगितलेले आकडे उलटे ऐकले जायचे, नंबर चुकायचे. शाळेत आणि रेडिओवर नवी रीत आली, घरात जुनीही बोलतात अजून. भाषा बुडाली नाही.

भाचा : बरं. आता माझं एक ऐक. लग्नाला किती माणसं होती? "होती वीसएक." याचा अर्थ काय?

आत्या : वीसच्या आसपास.

भाचा : अठरा असतील, तेवीस असतील. मोजलेली नाहीत. 'पन्नासएक पोती', 'शंभरएक रुपये'. मराठीत दहाच्या पटीला 'एक' चिकटला की त्याचा अर्थ होतो 'नेमकं ठाऊक नाही, अंदाजे धरा'. आणि तुमच्या समितीने गणित नेमकं व्हावं म्हणून एकवीसला नेमकं हेच नाव दिलं! एकतीस म्हणजे तीसएक, एक्केचाळीस म्हणजे चाळीसएक. रस्त्यावरच्या भाषेत ज्याचा अर्थ 'अंदाजे', तेच पुस्तकात 'नक्की'.

आत्या : हं. बोलताना फरक पडतो. 'वीसएक' एका दमात म्हणतो, 'वीस, एक' तोडून.

भाचा : लिहिताना?

आत्या : लिहिताना जागा सोडतो. पण तुझं खरं आहे, सात वर्षांच्या पोराला सोडलेल्या जागेच्या भरवशावर ठेवू नये. मी वर्गात 'दोन दशक एक' म्हणायचे.

भाचा : ते नाव नाही, वर्णन आहे.

आत्या : मला वर्णनच हवंय. नाव तुझं राहू दे. पोराने बाजारात, एसटीत, आजीशी बोलताना सत्तावीसच म्हणावं. पण सत्तावीस हे २ आणि ७ असं का लिहितात, हे त्या नावातून कळत नाही. त्यासाठी जोडीला दुसरं काहीतरी बोलावं लागतं.

इथे एक गोष्ट दोघंही बोलत नाहीत म्हणून मी सांगतो. शहरांत सेमी-इंग्रजी वर्ग वाढले. मराठी घरातलं मूल आज 'सदतीस' ऐकून 'म्हणजे थर्टी सेव्हन ना?' असं विचारतं. 'पंचवीस' की 'वीस पाच' हा वाद आपण मराठीच्या अंगणात मांडून बसलो आणि मुलं 'ट्वेंटी फाइव्ह' म्हणत मागच्या दाराने निघून गेली. भाच्याला हे दुखतं. आत्याला दुखतं, पण तिला त्यात तिच्या मुद्द्याचा पुरावाही दिसतो.

भाचा : संख्यांची नावं एक वेळ राहू दे. माझा खरा राग वरच्या वर्गांच्या परिभाषेवर आहे. दहावीचं गाइड तपासायला घेतलं की डोकं फिरतं. 'वर्ग' हा शब्द बघ. वर्गसमीकरण आहे. पुढे सांख्यिकीत ० ते १०, १० ते २० असे वर्ग. आणि पोरगं बसलंय तोही वर्गच. 'मूळ' बघ. मूळ संख्या, वर्गमूळ, समीकरणाची मुळं. 'अंश' अपूर्णांकाला, कोनालाही, तापमानालाही. 'छेद' अपूर्णांकाला, संचांनाही, आणि रेषा एकमेकींना छेदतात ते वेगळंच. छपाईचं दुःख तर विचारू नकोस. 'धन संख्या' आणि 'घन संख्या'! 'ध'चा 'मा' झाला तेव्हा पेशवाईत खून पडला, 'ध'चा 'घ' झाला की पोराचे दोन गुण जातात.

आत्या : 'मूळ'चं तू जरा जास्त बोललास. कोणत्या संख्येचा वर्ग नऊ, हे समीकरण सोडवलं की नऊचं वर्गमूळच मिळतं की. ती दोन मुळं एका घरातली आहेत. मूळ संख्या तेवढी परकी.

भाचा : आणि 'कर्ण'? काटकोन त्रिकोणाचाही कर्ण, चौकोनाचाही कर्ण. इंग्रजीत दोन स्वतंत्र शब्द आहेत.

आत्या : कर्णाला हात लावू नकोस. एक आयत काढ. त्याचा कर्ण काढ. दोन काटकोन त्रिकोण झाले. आता ती रेघ त्या त्रिकोणांची कोण? कर्णच. दोन शब्द असले की मुलाला त्या दोन गोष्टी वाटतात. एका शब्दात पायथागोरस अर्धा शिकवून होतो.

भाचा : समांतरभुज चौकोनाचा कर्ण काढ मग. तिथे कुठला काटकोन?

आत्या : तिथे नाही. तिथे तुझं खरं.

भाचा : 'मध्य'चं सांगतो, यावर तू काही बोलूच शकणार नाहीस. एका दुकानातले पाच पगार घे, हजारांत. १०, १२, १३, १५, आणि मालकाने स्वतःला लावलेला १००. मध्य काढा म्हणतात. बेरीज १५०, भागिले पाच, मध्य ३०. चार जण त्याच्या खाली, एक वर. हा तीस कशाच्या मध्ये आहे? खरोखर मध्ये आहे तो १३. त्याला मात्र म्हणायचं 'मध्यक'. जो मध्ये बसलाय त्याला 'क' लावून बाजूला सारलं आणि जो मध्ये नाही त्याला 'मध्य' ही पदवी दिली. भरीला त्रिकोणात 'मध्यगा' येतेच.

आत्या : 'सरासरी' हा शब्द आहे की. भाजीवालीलाही कळतो.

भाचा : म्हणूनच शास्त्रीय वाटला नसेल.

(यावर आत्याकडे खरंच उत्तर नाही, आणि माझ्याकडेही नाही. सरासरीला सरासरी म्हणायला कोणाची हरकत असावी?)

भाचा : 'समभुज चौकोन' घे. 'समभुज त्रिकोण' शिकलेलं मूल 'समभुज चौकोन' ऐकतं आणि चौरस काढतं. दहापैकी नऊ मुलं काढतील.

आत्या : काढू दे, चौरस हा समभुज चौकोनच आहे. त्याची चूक एवढीच की त्याला दुसरा सुचत नाही. पण हा दोष शब्दाचा नाही बरं का. चार सारख्या पट्ट्या घे, टोकांना टाचण्या लाव, दाब. तिरपा झाला. तीन पट्ट्यांचा त्रिकोण दाब, हलणार नाही. म्हणून त्रिकोणात बाजू समान झाल्या की कोन समान होतातच, चौकोनात व्हायलाच पाहिजेत असं नाही. 'समभुज' हा शब्द फक्त भुजांबद्दल बोलतो. कोनांबद्दल तो बोललेलाच नाही, मूल ते स्वतःच्या मनाने ऐकतं. तुझ्या यादीतला हा सगळ्यात नेमका शब्द आहे आणि तू त्यालाच आरोपी केलंस.

भाचा : म्हणजे नेमका शब्दही फसवतो.

आत्या : फसवतो. तुला मी एक देते. बारा आणि अठराचा लसावि किती?

भाचा : छत्तीस.

आत्या : मसावि?

भाचा : सहा.

आत्या : 'लघुतम' छत्तीस आणि 'महत्तम' सहा. मुलांना वाटतं लघुतम म्हणजे लहान येणार, महत्तम मोठा. उत्तरं बरोबर काढून ती उलटी लिहून ठेवतात. पूर्ण नाव बघ. लघुतम साधारण विभाज्य, महत्तम साधारण विभाजक. सगळा अर्थ शेवटच्या शब्दात आहे. विभाज्य म्हणजे ज्याला बाराने आणि अठराने भाग जातो, तो त्यांच्यापेक्षा लहान असणारच नाही. विभाजक म्हणजे जो बाराला आणि अठराला भागतो, तो त्यांच्यापेक्षा मोठा कसा असेल? आता लघुरूप बघ. ल-सा-वि, म-सा-वि. जो 'लघु' आणि 'महत्' मुलाला चुकवतो, त्याचं अक्षर पुढे राहिलं. आणि जो फरक त्याला वाचवणार होता, 'भाज्य' की 'भाजक', तो दोन्हीकडे एकाच 'वि'मध्ये गडप झाला.

भाचा : हे माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं.

आत्या : तू मुद्रितं वाचतोस, मी वह्या वाचल्या.

या ठिकाणी भाच्याने परिभाषेची सगळी यादी एखाद्या समितीपुढे ठेवायचा बेत सांगितला. एका कल्पनेला एक शब्द, एका शब्दाला एकच कल्पना. आत्याने तो ऐकून घेतला. मी इथे तो गाळला आहे, कारण असे बेत सगळे सारखेच असतात. पुढचं महत्त्वाचं.

आत्या : तू शब्द मोजत बसलास. मला शब्दांची एवढी भीती नाही. दोन अर्थांचे शब्द मुलं घरीही वापरतात. 'कर' म्हणजे हात आणि घरपट्टीही, कोणी गोंधळतं का? मला भीती वाक्यांची आहे. आम्ही वर्गात जी वाक्यं बोलतो त्यांची.

भाचा : उदाहरणार्थ?

आत्या : 'लहान संख्येतून मोठी वजा होत नाही.' दुसरीत सांगतात. ५२ वजा २७ दिलं की मूल एककाच्या घरात येतं. दोन आणि सात. लहानातून मोठी जात नाही असं बाईंनी सांगितलंय, म्हणून ते सातातून दोन काढतं. पाच. दशकात पाचातून दोन, तीन. उत्तर ३५. बाईंचं वाक्य त्याने तंतोतंत पाळलं. मग सहावीत तेच मूल येतं आणि सर फळ्यावर ३ वजा ५ लिहितात. आता त्याने कोणावर विश्वास ठेवायचा?

भाचा : पण दुसरीत ऋण संख्या कशा सांगणार?

आत्या : सांगू नका. 'त्याचं उत्तर आपण मोठ्या वर्गात बघू' एवढंच म्हणा. सगळं खरं सांगायची गरज नाही, खोटं सांगू नका. 'दहाने गुणायचं म्हणजे पुढे शून्य लावायचं.' मग अडीचला दहाने गुणलं की २.५० येतं आणि मूल खूश. 'वरखाली सारखं असेल तर काट.' मग क्ष अधिक तीन, भागिले तीन, यातले दोन्ही तीन कटतात आणि क्ष उरतो. 'पलीकडे नेलं की चिन्ह बदलतं.' मग तीन क्ष बरोबर बारा यातला तीन भागायला पलीकडे जाताना उणे तीन होतो, आणि क्ष उणे चार. आणि सगळ्यांची राणी...

भाचा : 'मायनस मायनस प्लस'.

आत्या : तीच. उणे तीन वजा पाच किती? मूल दोन मायनस बघतं, प्लस करतं, अधिक आठ लिहितं. हे वाक्य गुणाकाराचं होतं, पण वाक्यात 'गुणाकार' हा शब्द कुठे आहे? सांगणाऱ्याच्या मनात होता, तो तिथेच राहिला.

भाचा : आणि गुणाकारात तरी ते का खरं, हे कोण सांगतं? 'धन' आणि 'ऋण' हे शब्द ब्रह्मगुप्ताचे, इसवी सन ६२८ चे. संपत्ती आणि कर्ज. बेरजेत छान बसतात. पण ऋण गुणिले ऋण म्हणजे काय, कर्ज गुणिले कर्ज? कर्जाला कर्जाने गुणून माणूस श्रीमंत होतो?

आत्या : कर्जाला कर्जाने नाही गुणायचं. पाच रुपयांची तीन कर्जं माझ्यावर आहेत. सावकाराने तिन्ही चिठ्ठ्या फाडल्या. तीन वेळा काढून टाकलं म्हणजे उणे तीन, काय काढलं तर उणे पाच. मी पंधराने वर आले. दोन मिनिटं लागतात सांगायला.

भाचा : वर्गात साठ मुलं, पस्तीस मिनिटांचा तास, महिन्याला चार सरकारी माहित्या भरायच्या. 'दोन्ही बाजूंना तीनने भागा' असं दरवेळी म्हणायला कोणाला उसंत आहे? 'पलीकडे ने' हे शॉर्टहँड आहे, आत्या. जाणकार माणसं सगळीकडे असंच बोलतात. सुतार मापं सांगताना पूर्ण वाक्यं बोलतो का?

आत्या : जाणकार जाणकाराशी बोलतो तेव्हा चालतं. मूल जाणकार नाही. त्याच्याजवळ ते लांब वाक्य आधी हवं, मग तुम्ही त्याचं आखूड करा. आम्ही आखूडच आधी देतो. शिवाय एकाच आखूड शब्दाखाली दोन वेगळ्या रीती लपतात ते निराळंच. 'हातचा' घे.

भाचा : हातच्यात काय लपलंय?

आत्या : ४३ वजा १७. तुझ्या आजोबांची रीत सांग.

भाचा : तिनातून सात जात नाहीत, तेरातून सात गेले सहा, हातचा एक. एक आणि एक दोन, चारातून दोन गेले दोन. सव्वीस.

आत्या : त्यांनी हातचा खालच्या ओळीत मिळवला. वर दहा वाढवले तसे खालीही दहा वाढवले, फरक तोच राहिला. आजच्या पुस्तकात काय करतात? चार दशकांतला एक सुटा करायचा, वर तीन उरतात. तेरातून सात गेले सहा, तिनातून एक गेला दोन. सव्वीसच. पण इथे कोणी काही वाढवलेलं नाही, त्रेचाळीसच वेगळा मांडलाय. दोन्ही रीती बरोबर, दोन्हींना लोक 'हातचा' म्हणतात. आता आजोबा नातवाला शिकवायला बसले. नातवाने शाळेसारखा चार खोडून तीन केला. आजोबा म्हणाले, "हातचा एक खाली मिळव." त्याने तोही मिळवला. तिनातून दोन, एक. उत्तर सोळा. दोघंही आपापल्या जागी बरोबर आणि वहीत चूक. मग आजोबा म्हणतात शाळेत काही शिकवत नाहीत, आणि बाई म्हणतात घरी शिकवू नका.

भाचा : म्हणजे शब्दच नडला की! मी तेच तर म्हणतोय.

आत्या : शब्द नडला कारण त्याच्यामागची क्रिया कोणी बोललं नाही. तू 'हातचा' काढून तिथे दुसरा शब्द ठेवलास तरी हेच होईल.

भाचा : नाही, सगळीकडे नाही. काही ठिकाणी नुसतं वाचन सुधारलं तरी भागतं. ३.१४ ला लोक 'तीन पूर्णांक चौदा' म्हणतात. एकदा 'चौदा' म्हटलं की मूल ३.२ पेक्षा ३.१४ मोठं ठरवतं, कारण चौदा दोनापेक्षा मोठे. 'तीन पूर्णांक एक चार' म्हटलं तर तो मोह होत नाही. इथे खोटं वाक्य नाही, कुठली रीतही लपलेली नाही. फक्त तोंडाची सवय आहे. आणि पैशांमुळे ती पक्की होते. २.५० ला आपण दोन रुपये पन्नास पैसे म्हणतो, म्हणून मुलाला २.५ म्हणजे दोन रुपये पाच पैसे वाटतात.

आत्या : हे मान्य. आणि क्रिकेट.

भाचा : क्रिकेट तर कहरच. ४.३ षटकं म्हणजे चार षटकं तीन चेंडू. म्हणजे साडेचार! तिथला टिंब दशांशाचा नाहीच, सहांशाचा आहे. आणि मुलं सगळ्यात जास्त टिंबं तिथेच बघतात.

आत्या : मग ते वर्गात आणा ना. 'टीव्हीवर ४.३ आणि वहीत ४.३, दोन्ही एकच का?' एवढा प्रश्न विचारला की मुलं तास संपेपर्यंत भांडतील. गोंधळाचा शब्द बंद करण्यापेक्षा तो फळ्यावर लिहावा.

भाचा : तुझ्यासारखी शिक्षिका असेल तर. पण शिक्षक बदलतात, बदल्या होतात, पुस्तक मात्र सगळीकडे एकच जातं. म्हणून पुस्तकात शब्द चोख हवा. 'मध्य'च्या जागी 'सरासरी' लिहायला किती शाई लागते?

आत्या : लिही की. मी अडवत नाही. पण पुस्तकात 'लहानातून मोठी वजा होत नाही' असं कुठे छापलेलं आहे? कुठेच नाही. तरी महाराष्ट्रातल्या प्रत्येक मुलाला ते पाठ आहे. ते पुस्तकातून आलेलं नाही.

भाचा : मग तुझ्या 'वीस एक'चं काय? तेही पुस्तकात छापून काय झालं?

आत्या : भांडण झालं. तेच चुकलं बहुतेक. ते वर्गात बोलायचं होतं, छापायची घाई झाली.

इतकं मान्य करूनही आत्या आपल्या मतावरून हललेली नाही, आणि भाचा 'एकोणसत्तर'च्या जागी दुसरं काही लिहिणार नाही. मला विचाराल तर परिभाषेच्या पाच-सात जागा सुधाराव्यात, आणि त्यांत 'मध्य' सर्वांत आधी. लसावि-मसावि पहिले काही महिने पूर्ण नावानेच म्हणवून घ्यावेत. संख्यांच्या जुन्या नावांना धक्का लावू नये, पण ती शिकताना अडखळणाऱ्या मुलाला 'दोन दशक सात' म्हणू द्यावं, त्याने मराठीचं काही बिघडत नाही. आणि या सगळ्याहून निकडीची आहेत ती न छापलेली वाक्यं, कारण ती सुधारायला कुठलीच समिती बसत नाही.

म्हणून पालकांना एक विनंती. मूल उणे तीन वजा पाच बरोबर अधिक आठ असं लिहून घरी आलं, तर 'किती वेळा सांगितलं' असं म्हणू नका. 'हे तुला नेमकं कोणत्या शब्दांत सांगितलं होतं?' असं विचारा. ते जे वाक्य म्हणेल ते जसंच्या तसं वहीच्या मागच्या पानावर लिहून घ्या. ते शाळेतलं असेल तर पुढच्या पालकसभेत शिक्षकांना भांडण न करता वाचून दाखवा, आणि तुमचंच निघालं तर घरातच दुरुस्त करा.